जनुकातला एक तुकडा डबल झाला तर? कुणाचे स्नायू थकतात, कुणाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही

'डीएमडी जीन, एक्सॉन २, डुप्लिकेशन.' जेनेटिक टेस्टच्या रिपोर्टवर एवढीच एक ओळ येते आणि घरात गोंधळ उडतो. डुप्लिकेशन म्हणजे डबल. काही कमी नाही, उलट एक तुकडा जास्तच आहे. मग पाच वर्षांचा मुलगा जिना चढताना दमतो का? उठताना गुडघ्यावर हात का टेकवतो?

आता याच्या अगदी उलट गोष्ट. मीरा रोड किंवा भाईंदर स्टेशनवर सकाळी चर्चगेट लोकलची वाट बघणाऱ्या गर्दीतल्या बहुतेक प्रत्येकाच्या शरीरात एका दुसऱ्या जनुकाचे दोन तुकडे डबल झालेले आहेत. त्यांना ते माहीतही नाही आणि माहीत असण्याची गरजही नाही. त्या जनुकाचं नाव हॅप्टोग्लोबिन. भारतात हे डबल तुकड्यांचं रूप इतकं सर्रास आढळतं की आपल्याकडे तेच 'नॉर्मल' म्हणायला हरकत नाही.

दोन्हीकडे घडलंय तेच. जनुकाच्या आत एक्सॉनची नक्कल होऊन ती मूळ तुकड्याच्या शेजारी बसली आहे. पण एकीकडे गंभीर आजार आहे आणि दुसरीकडे काहीच नाही. हा फरक कुठून येतो हे समजलं तर तो रिपोर्ट वाचायला सोपा जातो. शिवाय 'दोष कुणाकडून आला' या नावाखाली घराघरांत होणारे बरेचसे वादही निकाली निघतात.

एक्सॉन म्हणजे नेमकं काय?

जनुक म्हणजे डीएनएमधली प्रोटीन बनवण्याची कृती. ही कृती सलग लिहिलेली असते असं शास्त्रज्ञांना बरीच वर्षं वाटत होतं. १९७७ मध्ये फिलिप शार्प आणि रिचर्ड रॉबर्ट्स यांच्या गटांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, सर्दीतापाच्या एका विषाणूवर काम करताना दाखवलं की ती तुकड्यातुकड्यांत असते. मधेमधे लांबलचक मजकूर येतो आणि प्रोटीन बनवताना पेशी तो कापून टाकते. कामाच्या तुकड्यांना 'एक्सॉन' आणि मधल्या मजकुराला 'इंट्रॉन' ही नावं पुढच्याच वर्षी वॉल्टर गिल्बर्ट यांनी दिली. शार्प आणि रॉबर्ट्स यांना १९९३ मध्ये नोबेल मिळालं.

टीव्ही सीरियलशी तुलना केली तर पटकन कळेल. एपिसोड अर्ध्या तासाचा, पण जाहिराती वगळून सलग जोडला तर गोष्ट वीस-बावीस मिनिटांची. जाहिराती म्हणजे इंट्रॉन, गोष्टीचे तुकडे म्हणजे एक्सॉन. फक्त इथे प्रमाण उलटं आहे, जाहिरातीच जास्त. आपल्या सगळ्या डीएनएमध्ये प्रोटीनची कृती लिहिलेला भाग जेमतेम एक ते दीड टक्का भरतो.

डीएमडी हे जनुक तर या बाबतीत राक्षसी आहे. एक्स गुणसूत्रावरच्या या जनुकाची लांबी २२ लाखांहून जास्त अक्षरं, माणसाच्या सर्वांत लांब जनुकांपैकी हे एक. त्यात एक्सॉन ७९. हे सगळे एकामागे एक जोडले तर होतात साधारण १४ हजार अक्षरं. बाकी सगळं कापून टाकायचं. एवढं लांब जनुक दर वेळी बिनचूक उतरवून काढायचं म्हटल्यावर चुकांना वाव भरपूर. कधी एखादा तुकडा गळतो, त्याला डिलीशन म्हणतात. कधी तुकडा दोनदा उतरतो, ते डुप्लिकेशन.

तुकडा डबल होतो कसा? पेशी डीएनएची प्रत काढत असताना मधेच थांबते आणि पुन्हा सुरू करताना थोडी मागे जाऊन सुरू करते. नाहीतर तुटलेली टोकं जोडताना गडबड होते. कधी जोडीतल्या दोन गुणसूत्रांमध्ये तुकड्यांची अदलाबदल होताना ती नीट समोरासमोर येत नाहीत, मग एकाला जास्तीचा तुकडा मिळतो आणि दुसऱ्याचा जातो. आईवडिलांनी काय खाल्लं किंवा ग्रहण पाळलं की नाही, याचा त्याच्याशी संबंध नाही.

तीन-तीन अक्षरांचा हिशोब

पेशी जनुकाचा मजकूर तीन-तीन अक्षरांनी वाचते. तीन अक्षरं म्हणजे एक शब्द, एक शब्द म्हणजे एक अमिनो आम्ल, आणि अमिनो आम्लांची माळ म्हणजे प्रोटीन. शब्दांच्या मधे रिकामी जागा नसते. सुरुवात कुठून करायची तेवढं ठरलेलं असतं, पुढे फक्त तीन-तीन मोजत जायचं.

हे मराठीत करून बघू. फक्त तीन अक्षरी शब्दांचं एक वाक्य घ्या:

छगन फणस उचल सरळ पळव

छगनला फणस चोरायला सांगितलंय, अर्थ स्पष्ट आहे. आता यातला 'फणस' हा पूर्ण शब्द डबल करा:

छगन फणस फणस उचल सरळ पळव

बोलणाऱ्याची जीभ अडखळली असं वाटेल, पण निरोप पोचला. आता पूर्ण शब्दाऐवजी फक्त 'फण' ही दोन अक्षरं डबल करा आणि पुन्हा तीन-तीनने तोडा:

छगन फणफ णसउ चलस रळप ळव

'छगन'पर्यंत ठीक, त्यापुढे नुसता कचरा. अक्षर एकही हरवलेलं नाही, उलट दोन जास्त आहेत. तरी वाक्य मेलं.

डीएमडी जनुकाच्या दुसऱ्या एक्सॉनमध्ये अक्षरं आहेत ६२. तीनने भागा: वीस शब्द होतात आणि दोन अक्षरं उरतात. म्हणजे हा एक्सॉन डबल झाला की त्यापुढचा सगळा मजकूर दोन अक्षरांनी सरकतो. पेशी कचरा वाचत जाते, थोड्याच अंतरावर तिला चुकीच्या जागी 'थांब' असा अर्थ असलेला शब्द लागतो आणि काम तिथेच बंद पडतं. ७९ पैकी ७७ एक्सॉन पुढे धडधाकट उभे असूनही उपयोग शून्य. डिस्ट्रॉफिन नावाचं प्रोटीन तयारच होत नाही. डीएमडीमध्ये जी डुप्लिकेशन सापडतात ती जनुकाच्या सुरुवातीच्या भागात जास्त असतात आणि एकट्या एक्सॉनची म्हणाल तर दुसऱ्याची सर्वांत जास्त.

डिस्ट्रॉफिन स्नायूच्या पेशीत आतल्या सांगाड्याला बाहेरच्या आवरणाशी बांधून ठेवतं. स्नायू आखडतो, सैल होतो, हे दिवसातून हजारो वेळा चालतं, आणि प्रत्येक वेळी आवरणाला बसणारा झटका हे प्रोटीन सोसतं. ते नसेल तर आवरणाला चिरा पडतात, पेशी मरतात आणि त्यांच्या जागी चरबी आणि चिवट तंतू भरतात. हाच डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी हा आजार. या जनुकाने बनणारं प्रोटीन सापडलं १९८७ मध्ये. पुढच्याच वर्षी अमेरिकेतल्या संशोधकांनी वरचा तीन अक्षरांचा नियम या आजाराला लावून दाखवला: वाचनाची चौकट मोडली तर डुशेन, चौकट टिकून फक्त तुकडा कमीजास्त झाला तर बहुतेक वेळा बेकर नावाचा सौम्य प्रकार. बेकरमध्ये अनेक जण तिशी-चाळिशीतही चालत असतात. नियम साधारण दहापैकी नऊ वेळा बरोबर येतो. उरलेल्या एका वेळी शरीर अनपेक्षित वाट काढतं किंवा अनपेक्षित ठिकाणी अडतं.

आणि हॅप्टोग्लोबिनमध्ये काहीच का होत नाही?

कारण तिथे डबल झालेल्या तुकड्यांची अक्षरं आहेत १७७. भागिले तीन, बरोबर ५९. बाकी शून्य.

या शोधाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९५०च्या दशकात ऑलिव्हर स्मिथीज हे ब्रिटिश शास्त्रज्ञ टोरंटोच्या प्रयोगशाळेत इन्सुलिनवर काम करत होते. रक्तातली प्रोटीन एकमेकांपासून वेगळी करायची होती आणि हाताशी असलेली पद्धत कामाची नव्हती. त्यांना लहानपणी आईला कपड्यांना खळ करताना पाहिलेलं आठवलं. ती खळ थंड झाली की थिजून जेलीसारखी होत असे. मग त्यांनी बटाट्याच्या स्टार्चची जेली बनवली, तिच्यात रक्तातला द्रव ठेवला आणि वीज सोडली. प्रोटीन आपापल्या आकारानुसार वेगवेगळ्या अंतरावर जाऊन थांबली. स्वतःचं आणि सहकाऱ्यांचं रक्त तपासताना लक्षात आलं की सगळ्यांच्या पट्ट्या सारख्या नाहीत. १९५५ मध्ये त्यांनी हे प्रसिद्ध केलं. फरक हॅप्टोग्लोबिनचा होता आणि तो पिढ्यान्‌पिढ्या चालत येत होता.

१९६२ मध्ये स्मिथीज, जॉर्ज कॉनेल आणि गॉर्डन डिक्सन यांनी कारण मांडलं. एका रूपातली साखळी ८३ अमिनो आम्लांची, दुसऱ्यातली १४२ची. फरक ५९चा, आणि हे ५९ काही नवीन नव्हते, त्याच साखळीचा मधला भाग पुन्हा आला होता. तेव्हा जनुकाची अक्षरं थेट वाचण्याची सोय नव्हती, एक्सॉन हा शब्दही नव्हता. तरीही जनुकाचा एक भाग जनुकाच्या आतच डबल झाला असणार, हे त्यांनी प्रोटीनवरून ओळखलं. पुढे जनुक वाचता आलं तेव्हा दिसलं की तिसरा आणि चौथा हे दोन एक्सॉन दोनदा आले आहेत. साध्या रूपाला एचपी-१ म्हणतात, त्यात पाच एक्सॉन. डबल रूपाला एचपी-२, त्यात सात. चिंपांझींमध्ये हे डबल रूप नाही. ते माणसाच्या वंशातलंच आहे. (स्मिथीज यांना नोबेल मिळालं, पण २००७ मध्ये आणि पूर्णपणे वेगळ्या कामासाठी.)

जगभरच्या रक्ताच्या नमुन्यांमध्ये एचपी-२चं प्रमाण मोजलं गेलं तेव्हा भारतीय उपखंड उठून दिसला. पश्चिम युरोपात दर दहा प्रतींमध्ये साधारण सहा डबल, तर आपल्याकडे आठ-नऊ. आईकडून एक आणि वडिलांकडून एक अशा दोन प्रती आपल्याला मिळतात, त्यामुळे एकही डबल प्रत नसलेला माणूस भारतात क्वचितच सापडेल. हे रूप मुळात भारतातच जन्मलं आणि इथून पसरलं असंही काही शास्त्रज्ञांनी सुचवलं आहे. मुंबईच्या संशोधकांनीही १९६०च्या दशकात भारतातल्या वेगवेगळ्या समाजांमधले हॅप्टोग्लोबिनचे प्रकार तपासले होते. रक्तातल्या अशा फरकांचा अभ्यास या शहराला नवा नव्हता. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी नोंदवलेला 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगभर याच शहराच्या नावाने ओळखला जातो.

हॅप्टोग्लोबिनचं काम सफाईचं. लाल पेशी फुटून सुटं झालेलं हिमोग्लोबिन ते पकडतं आणि विल्हेवाटीसाठी पोचवतं. सुटं हिमोग्लोबिन किडनीला त्रास देतं म्हणून ही सोय. डबल रूपाचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन मोठे पुंजके करतात, पण काम चालू राहतं. डायबेटिस असलेल्या लोकांमध्ये एचपी-२चा हृदयविकाराशी संबंध असावा असं काही अभ्यास सांगतात, काही तेवढं ठामपणे सांगत नाहीत. त्यामुळे 'तुमच्यातही हा जीन आहे का?' असं विचारून गोळ्या विकणारी रील समोर आली तर खुशाल पुढे सरकवा. आपल्याकडे उत्तर जवळपास नेहमी 'हो' असतं, आणि त्यावर करण्यासारखं काही नसतं.

डबल होणं ही निसर्गाची जुनी सवय

हाडं आणि त्वचा यांना धरून ठेवणारं कोलॅजन घ्या. त्याच्या मुख्य जनुकांमध्ये ५४ अक्षरांचे एक्सॉन ओळीने येतात, मधे १०८चे, म्हणजे ५४ची दुप्पट. काही ४५ किंवा ९९चे. सगळ्या आकड्यांना तीनने पूर्ण भाग जातो. एक छोटा एक्सॉन पुन्हा पुन्हा डबल होत हे लांब प्रोटीन उभं राहिलं असं मानलं जातं. आणि खुद्द डिस्ट्रॉफिन? त्याचा मधला दांडा एकसारख्या दिसणाऱ्या २४ भागांचा आहे. म्हणजे जे जनुक आज एक एक्सॉन डबल झाल्याने कोलमडतं, ते स्वतः कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या डबल होण्यातूनच लांब झालेलं आहे.

मीरा-भाईंदरपुरतं बोलायचं तर

डुशेन साधारण दर पाच हजार मुलग्यांमागे एकाला होतो. २०११च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५च्या आसपास धरला तर या शहरात वर्षाला बारा हजारांच्या घरात बाळं जन्मतात, त्यात सहा हजारांहून थोडे जास्त मुलगे. म्हणजे सरासरी वर्षाला एक मुलगा. ही मोजदाद नाही, कागदावरचा हिशोब आहे आणि लोकसंख्या तेव्हापासून वाढलीच आहे. पण शाळेत जाण्याच्या वयाची दहा-बारा मुलं तरी या एका शहरात असावीत, असा त्याचा अर्थ. यातली साधारण दोन तृतीयांश डिलीशनवाली, दहातलं एखादं डुप्लिकेशनवालं, बाकीच्यांमध्ये एक-दोन अक्षरांच्या चुका.

ही मुलं लवकर ओळखू येत नाहीत. बाळ थोडं उशिरा चालतं, पळताना मागे पडतं, पोटऱ्या मात्र भरलेल्या दिसतात, त्यामुळे नातेवाईक 'चांगला गुटगुटीत आहे' म्हणून मोकळे होतात. लिफ्ट नसलेल्या जुन्या इमारतींचं शहर असल्याने जिना हीच इथली पहिली परीक्षा. कठड्याला धरून एकेक पायरी चढणारा, जमिनीवरून उठताना स्वतःच्याच मांड्यांवर हात रोवत वर येणारा चार-पाच वर्षांचा मुलगा दिसला तर सीपीके ही साधी रक्ततपासणी करून घ्यावी. डुशेनमध्ये हा आकडा हजारोंच्या घरात जातो. आणखी एक चकवा आहे. एसजीओटी-एसजीपीटी हे आकडे स्नायू झिजल्यानेही वाढतात. त्यामुळे काही मुलांवर आधी 'लिव्हरचा त्रास' म्हणून महिनोन्‌महिने उपचार होतात. लिव्हरचे आकडे वाढलेले आणि मूल सतत पडतंय, असं असेल तर सीपीके झालंच पाहिजे.

जुना 'निगेटिव्ह' रिपोर्ट खरंच निगेटिव्ह आहे का?

डुप्लिकेशनच्या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा मुद्दा हाच, आणि तो सगळ्यात कमी बोलला जातो.

१९८८ आणि १९९० मध्ये परदेशात तयार झालेली चाचणी अनेक वर्षं जगभर, भारतातही वापरली गेली. तीत ७९ पैकी निवडक १८-१९ एक्सॉन आहेत की नाहीत, एवढंच बघायचं. एक्सॉन असेल तर जेलवर पट्टी उमटते, नसेल तर जागा रिकामी. गळालेला तुकडा अशा पद्धतीने छान सापडतो. पण डबल झालेला? त्याचीही पट्टी उमटतेच. एकाच्या जागी दोन आहेत हे डोळ्यांना कळत नाही. रिपोर्टवर येतं, 'डिलीशन आढळले नाही.' घरच्यांना वाटतं, जनुकात दोष नाही.

२००२ मध्ये नेदरलँड्सच्या संशोधकांनी एमएलपीए नावाची पद्धत आणली. ती फक्त 'आहे की नाही' बघत नाही, किती आहे ते मोजते. सगळ्या ७९ एक्सॉनची मोजणी होते आणि निरोगी माणसाच्या नमुन्याशी तुलना होते. मुलग्याकडे एक्स गुणसूत्र एकच, त्यामुळे डबल एक्सॉनचा आकडा सामान्यच्या दुप्पट येतो. त्याच्या आईकडे दोन एक्स, म्हणून दोनाच्या जागी तीन प्रती, आकडा दीडपट. गळालेल्या एक्सॉनचंही तसंच. आईच्या दुसऱ्या गुणसूत्रावर चांगली प्रत असल्याने जुन्या चाचणीत तिची पट्टी नेहमीसारखी दिसायची आणि ती वाहक आहे हे लपून राहायचं.

म्हणून घरात पंधरा-वीस वर्षांपूर्वी एखादा मुलगा या आजाराने गेला असेल आणि कागद फक्त 'डिलीशन नाही' असं म्हणत असतील, तर प्रश्न सुटलेला नाही. हल्ली सगळ्या जनुकांचं वाचन करणाऱ्या महागड्या टेस्टही होतात. पण तिथेही लॅबने तुकड्यांची संख्या मोजली आहे का, हे विचारून घ्यावं. नुसती अक्षरं वाचली तर डबल तुकडा निसटू शकतो. दोन्ही प्रतींची अक्षरं हुबेहूब तीच असतात ना.

मावशीने तपासावं, आत्याने नाही

जनुक एक्स गुणसूत्रावर आहे. वडील मुलाला वाय देतात, एक्स आईकडून येतो. इथेच घरोघरी सुनेकडे बोट दाखवलं जातं. वस्तुस्थिती अशी की साधारण दर तीन मुलांपैकी एकात हा बदल नव्याने घडलेला असतो, आईच्या रक्तात तो नसतोच. उरलेल्या दोघांच्या आया वाहक असतात, पण त्यांनाही तो कुणाकडून तरी आलेला किंवा त्यांच्यातच नव्याने घडलेला असतो. निवडून कुणीच काही दिलेलं नसतं.

आई वाहक असेल तर प्रत्येक गरोदरपणात मुलगा झाल्यास त्याला आजार असण्याची शक्यता निम्मी, मुलगी झाल्यास ती वाहक असण्याची शक्यता निम्मी. आईच्या रक्तात बदल सापडला नाही तरी धोका पूर्ण शून्य होत नाही, कारण काही वेळा तो फक्त बीजांडांपैकी काहींमध्ये लपलेला असतो.

नात्यांचं गणित मग असं लागतं. आजारी मुलाच्या मावशीने चाचणी करून घ्यावी, मावसबहिणींचाही विचार व्हावा. त्याच्या सख्ख्या बहिणीने तर नक्कीच, मोठी झाल्यावर. आत्याला काळजी नाही, कारण वडिलांकडचा एक्स मुलात आलेलाच नाही. धडधाकट मामाला हा बदल नाही, त्यामुळे त्याच्या मुलांनाही त्याच्याकडून नाही. वाहक बायकांपैकी बहुतेकींना स्नायूंचा त्रास होत नाही, पण काहींचं हृदय कमजोर होतं. म्हणून वाहक असल्याचं कळलं की अधूनमधून इको करून घ्यायला सांगतात, आणि हे सांगायचं राहून जातं.

पुढच्या बाळाची तपासणी गरोदरपणाच्या ११व्या-१२व्या आठवड्याच्या सुमारास वारेतला छोटा तुकडा घेऊन करता येते. अट एकच: घरातला बदल नेमका कोणता, हे आधी माहीत हवं. गर्भलिंगनिदानविरोधी कायद्याला घाबरून काही कुटुंबं विचारायलाच जात नाहीत. पण त्याच कायद्यात लिंगाशी निगडित आनुवंशिक आजारांसाठी, नोंदणीकृत केंद्रात, अशी तपासणी करायला परवानगी आहे. निव्वळ लिंग सांगणं हा गुन्हा आहे.

मीरा-भाईंदरच्या कुटुंबांसाठी सरकारी वाट परळला जाते. २०२१च्या राष्ट्रीय दुर्मीळ आजार धोरणात मुंबईचं केईएम हॉस्पिटल उत्कृष्टता केंद्र म्हणून नेमलं गेलं आणि डुशेनचं नाव धोरणाच्या यादीत आहे. २०२२ मध्ये मदतीची मर्यादा एका रुग्णामागे ५० लाखांपर्यंत वाढवली गेली. कागदावर मोठी वाटणारी ही रक्कम, ज्या नव्या औषधांचा खर्च वर्षाला कोटींमध्ये जातो त्यांच्यापुढे फार टिकत नाही. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे, त्यामुळे दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड काढता येतं. शाळेत तळमजल्यावर वर्ग मागताना याचा उपयोग होतो.

जास्तीचा तुकडा काढून टाकता येईल?

आज बहुतेक मुलांच्या वाट्याला येणारा उपचार म्हणजे स्टेरॉइड, फिजिओथेरपी, हृदय आणि श्वसनाची नियमित तपासणी. यातून आजार बरा होत नाही, पण चालणं काही वर्षं लांबतं आणि आयुष्यही वाढतं. 'एक्सॉन स्किपिंग'ची औषधं बातम्यांत येतात. अमेरिकेत २०१६ मध्ये मान्यता मिळालेलं पहिलं औषध ५१वा एक्सॉन वगळायला लावतं, त्यामुळे विशिष्ट डिलीशन असलेल्या मुलांनाच ते लागू पडतं. एक्सॉन २ डबल असलेल्या मुलाला त्याचा काही उपयोग नाही. क्राउडफंडिंगची पोस्ट टाकण्याआधी आपल्या मुलाचा बदल कोणता आणि औषध कोणत्या बदलासाठी, हे जुळवून बघितलेलं बरं.

डुप्लिकेशनला एक फायदा मात्र आहे. डिलीशनमध्ये तुकडा गेलेलाच असतो, कितीही जोडाजोड केली तरी प्रोटीन आखूडच निघणार. डुप्लिकेशनमध्ये सगळं साहित्य हजर असतं, फक्त एक प्रत वगळायची आहे. ते जमलं तर बनणारं डिस्ट्रॉफिन पूर्ण लांबीचं, अगदी नेहमीसारखं असेल. अमेरिकेत ओहायोतल्या कोलंबस इथल्या नेशनवाइड चिल्ड्रन्स हॉस्पिटलने याच कल्पनेवर, खास एक्सॉन २च्या डुप्लिकेशनसाठी जीन थेरपी तयार केली आणि २०२० मध्ये पहिल्या मुलांना ती दिली. विषाणूच्या कवचातून एक छोटी सूचना स्नायूंमध्ये पोचवायची: दुसरा एक्सॉन वगळ. चुकून दोन्ही प्रती वगळल्या गेल्या तरी पेशी थोडं पुढे जाऊन दुसऱ्या जागेवरून वाचायला सुरुवात करू शकते आणि जरासं आखूड पण कामाचं प्रोटीन बनतं. चाचणी मोजक्या मुलांवर झाली आहे, बाजारात असं औषध आलेलं नाही.

एक वेगळीच अडचण मात्र नव्या टेस्टमुळे वाढते आहे. गरोदरपणात किंवा लग्नाआधी हौसेने केलेल्या जेनेटिक टेस्टमध्ये, घरात कुणालाच आजार नसताना, डीएमडीमध्ये डुप्लिकेशन असल्याचं समोर येतं. रिपोर्ट फक्त 'तुकडा जास्त आहे' एवढंच सांगतो. तो नेमका कुठे आणि कोणत्या दिशेने बसलाय, हे साध्या मोजणीत कळत नाही. शेजारीच बसला असेल तर चौकट मोडू शकते. जनुकाच्या अगदी टोकाचा भाग असेल, किंवा तुकडा दुसरीकडेच जाऊन पडला असेल, तर काहीच बिघडत नाही. असे निरुपद्रवी डुप्लिकेशन घेऊन म्हातारे झालेले पुरुष आहेत. म्हणून अशा वेळी जेनेटिक काउन्सेलर कधीकधी बाईच्या वडिलांचं रक्त मागवतात. साठी-सत्तरीचे आजोबा खडखडीत चालत असतील आणि त्यांच्या एकुलत्या एका एक्सवर तोच एक्सॉन डबल निघाला, तर नातवाच्या रिपोर्टचा अर्थ बदलतो.